आधी पाय, मग मुकुट: चार्ल्स दुसऱ्याच्या काळातलं फर्निचर कसं ओळखायचं

आमच्या बैठकीत एक खुर्ची आहे. उंच, अरुंद पाठ, बसायला वेत, पाय पिळाचे आणि माथ्यावर दोन गुबगुबीत पोरांनी उचलून धरलेला मुकुट. लंडनबाहेरच्या एका छोट्या लिलावात ती ‘चार्ल्स सेकंड’ म्हणून पुकारली गेली. मी मुकुट बघितला आणि हात वर केला. घरी आणून उलटी केली तेव्हा पाच मिनिटांत कळलं, की सतराव्या शतकातला इंग्लंडचा राजा चार्ल्स दुसरा गेल्यावर जवळजवळ अडीचशे वर्षांनी ही बाई जन्माला आली आहे.

पुकारणाऱ्याला बोल लावून उपयोग नाही, उलटी करून बघायला मला कुणी अडवलं नव्हतं. मी वरून खाली बघत गेले आणि मुकुटापाशीच अडकले. या काळातलं सामान खालून वर बघायचं असतं. त्या दिवशी ज्या क्रमानं बघायला हवं होतं, त्याच क्रमानं पुढच्या पायऱ्या लिहिते आहे. विकत घ्यायचं नसेल, नुसतं संग्रहालयात उभं राहून समजून घ्यायचं असेल, तरी क्रम हाच.

पायरी १: आधी कागद वाचा

इंग्लंडचा राजा चार्ल्स पहिला याचा ३० जानेवारी १६४९ रोजी शिरच्छेद झाला. पुढची अकरा वर्षं देश राजाविना चालला. मग परदेशात दिवस काढणारा त्याचा मुलगा, चार्ल्स दुसरा, २९ मे १६६० ला, स्वतःच्या तिसाव्या वाढदिवशी, वाजतगाजत लंडनमध्ये शिरला. राजसत्तेच्या या पुनःस्थापनेला इंग्रजीत ‘रिस्टोरेशन’ म्हणतात. चार्ल्स १६८५ मध्ये वारला, भाऊ जेम्स दुसरा गादीवर आला आणि १६८८ च्या डिसेंबरात देश सोडून पळाला. फर्निचरवाले ज्याला ‘रिस्टोरेशन’ किंवा ‘कॅरोलियन’ म्हणतात (कॅरोलस हे चार्ल्सचं लॅटिन रूप), ते या अठ्ठावीस-एक वर्षांतलं काम.

‘रिस्टोरेशन’ हा शब्द फ्रेंच फर्निचरलाही लावतात. ते नेपोलियननंतरचं, १८१५ ते १८३० चं, फिक्या लाकडाचं आणि पूर्ण वेगळं. आणि ‘रिस्टोअर्ड’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ एवढाच, की वस्तू दुरुस्त केलेली आहे. नवख्या माणसाची गफलत होते ती इथेच, हे मी पैजेवर सांगेन.

लिलावाच्या यादीत ‘चार्ल्स सेकंड’ असेल तर वस्तू त्या काळातली आहे असा विकणाऱ्याचा दावा आहे. ‘चार्ल्स सेकंड स्टाईल’ असेल तर तो नंतरची नक्कल आहे हे कबूल करतोय. ‘अँड लेटर’ म्हणजे काही भाग जुना, काही मागाहून जोडलेला. आणि ‘मॅरेज’ म्हणजे दोन निरनिराळ्या वस्तूंचं लग्न लावून केलेली एक: वरचं कपाट एका घरचं, खालची घडवंची दुसऱ्या घरची. अशी लग्नं या काळातल्या सामानात फार. माझ्या खुर्चीच्या यादीत ‘स्टाईल’ शब्द नव्हता. पण दावा छापला म्हणून खरा ठरत नाही.

पायरी २: लाकूड बघा

त्याआधीचं इंग्लिश फर्निचर म्हणजे ओक. जाड, जड, चौकटी आणि त्यांत बसवलेल्या फळ्यांचं, पिढ्यान्पिढ्या एका जागी ठाण मांडून बसणारं. चार्ल्सचं तारुण्य फ्रान्स आणि नेदरलंड्सच्या बाजूला गेलं होतं. त्याच्याबरोबर परतलेल्या दरबाऱ्यांना तिकडचं हलकं, नक्षीदार, चकचकीत सामान हवं होतं. त्यासाठी लाकूड लागलं अक्रोडाचं.

अक्रोड कोरायला मऊसूत, रंगानं उबदार तपकिरी, आणि त्यात गडद रेषा धुरासारख्या वाहत गेलेल्या. ओकवर प्रकाश तिरका पडला तर चंदेरी पट्टे चमकतात, रंध्रं खडबडीत लागतात. अक्रोडावर बोट फिरवलं तर ते अडखळत नाही. तिसरं लाकूड बीच. फिकं, बारीक ठिपक्यांचं आणि स्वस्त. बीचच्या खुर्च्या काळ्या रंगवून किंवा अक्रोडासारखी छटा देऊन विकत. ज्यांना दरबारी थाट हवा पण पैसा बेताचा, त्यांचा माल हा. ‘काळी आहे म्हणजे शिसवी असेल’ असं धरून चालू नका, रंगाचा टवका उडालेला कोपरा शोधा.

जॉन एव्हलिन नावाचे एक चौकस गृहस्थ तेव्हा लंडनमध्ये होते. झाडं लावा म्हणून त्यांनी १६६४ मध्ये ‘सिल्वा’ नावाचा जाडजूड ग्रंथच छापला आणि त्यात अक्रोडाची बाजू हिरिरीनं मांडली. त्यांची रोजनिशी पुढे दोनदा लागणार आहे, नाव लक्षात ठेवा.

अक्रोड आणि बीच दोन्ही किडीला गोड लागतात. छिद्रं दिसली की ‘वा, जुनं आहे’ म्हणून माणसं खूष होतात. थांबा. कीड लाकडाच्या पोटात बोगदे करते आणि फक्त बाहेर पडताना पृष्ठभागावर गोल भोक पाडते. त्यामुळे खऱ्या जुन्या पृष्ठभागावर गोल ठिपके दिसतात. जर उघड्या, लांबट नाळ्या दिसल्या, म्हणजे बोगदाच आडवा उघडा पडला असेल, तर किडलेलं जुनं लाकूड मागाहून कापून ही वस्तू घडवली आहे, किंवा निदान तो भाग तरी.

माझी खुर्ची ओकची निघाली, गडद रंग चढवलेली. आता ओक म्हणजे नकली असं नाही. खेड्यापाड्यातले सुतार या सगळ्या काळात ओकच वापरत होते. पण माथ्यावर मुकुट, बसायला वेत, असा सगळा शहरी थाट आणि लाकूड मात्र ओक, हे जमत नाही. शंका तिथेच यायला हवी होती.

पायरी ३: गुडघ्यावर बसा, पाय बघा

हा काळ ओळखण्याची सगळ्यात प्रसिद्ध खूण म्हणजे पिळाचा पाय. दोन पेडी दोरी उभी ठेवल्यासारखा, खाली-वर वळसे घेत जाणारा. १६६० आणि ७० च्या दशकांत टेबलं, खुर्च्या, घडवंच्या, सगळ्यांना पीळ लागला. त्याआधी पायांवर मण्यांसारखे गोळे आणि कड्या असत. १६७५ च्या पुढेमागे पिळाच्या जोडीला आणि पुढे त्याच्या जागी इंग्रजी ‘एस’ आणि ‘सी’ अक्षरांसारखी वळणं आली, तळाशी गुंडाळी होऊन संपणारी. म्हणजे खुर्ची नुसत्या पिळाची असेल तर ढोबळमानानं राज्याच्या पहिल्या भागातली, गुंडाळीच्या पायांची असेल तर उत्तरार्धातली. ढोबळमानानंच, कारण दोन्ही एकाच खुर्चीत नांदतानाही दिसतात.

पीळ कसा करत हे कळलं की अर्धं काम झालं. सावंतवाडीला लाकडी खेळणी करणाऱ्यांचं काम ज्यांनी पाहिलंय, त्यांना कातारी चरकावर लाकूड फिरवून गोल कसं करतो हे माहीत आहे. इथेही आधी तसाच सरळ गोल दांडा उतरवत. पण साध्या चरकावर पीळ निघत नाही. दांड्यावर तिरकी रेघ गुंडाळत आखायची, त्या रेघेवर करवतीनं खाच घ्यायची, मग गोल पटाशी आणि कानस घेऊन हातानं दरी कोरत जायची. एकेका पायाला किती वेळ लागत असेल याचा अंदाज करा. आणि हात तो हात. एक वळसा किंचित रुंद, दुसरा किंचित अरुंद, दरीच्या तळाला पटाशीचे पुसट ठसे. बोट दरीत घालून वरून खालपर्यंत फिरवा, ते लयीत जातं पण थोडं डुलत.

माझ्या खुर्चीच्या पिळातून बोट रुळावरून गेल्यासारखं गेलं. चारही पाय एकाच साच्यातले. यंत्राचं काम. १९२० च्या सुमारास ब्रिटनमध्ये पिळाच्या पायांची अशी लाट आली होती की गेटलेग टेबलं (फाटकासारखे पाय उघडून फळी उभारायची), कपाटं, अगदी दिव्यांच्या दांड्याही पीळ घालून विकल्या गेल्या. मुंबईच्या चोर बाजारात ‘जेकोबियन’ (म्हणजे चार्ल्सचा आजा जेम्स पहिला याच्या काळातलं) म्हणून पिळाच्या पायांचं काही कुणी दाखवलं, तर आधी याच वंशावळीचा संशय घ्या.

दुसरी कसोटी मला फार आवडते, कारण तिला एक कॅलिपर, म्हणजे जाडी मोजायचा चिमटा, पुरतो. लाकूड वर्षानुवर्षं सुकतं, पण सगळ्या दिशांनी सारखं आकसत नाही. त्यामुळे साडेतीनशे वर्षांपूर्वी चरकावर अगदी गोल उतरवलेला दांडा आज गोल राहिलेला नसतो. एकाच उंचीवर दोन काटकोनी दिशांनी माप घ्या. मिलिमीटरभर फरक आला तर उत्तम. हीच युक्ती गोल टेबलाच्या फळीला लावा: रेषांच्या दिशेनं माप जास्त, रेषांना आडवं कमी. टेबल जर आजही कंपासनं आखल्यासारखं गोल असेल तर ते तरुण आहे.

मग झीज बघा. पुढच्या पायांमधली आडवी पट्टी माणसांच्या टाचांनी झिजलेली हवी, पण जिथे टाच पोचते तिथेच. नक्कल करणारा सगळीकडे सारखी कानस मारतो. जिथे टाच जाणं शक्य नाही, अशा मागच्या पट्टीवरही झीज दिसली तर ती कुणाच्या टाचेची, हे विकणाऱ्याला नम्रपणे विचारा.

पायरी ४: वेत वाचा

यात आपण इंग्रजांपेक्षा पुढे आहोत. वेताच्या खुर्च्यांवर आपल्या तीन-चार पिढ्या बसल्यात, दारावर ‘वेत विणायचा का’ म्हणून आलेले कारागीर आपण पाहिलेत, आणि सरकारी कचेऱ्यांतल्या खुर्च्या विणणारे अंध कारागीरही. इंग्लंडमध्ये मात्र वेत ही चार्ल्सच्या काळातली नवलाई होती. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं पूर्वेकडून वेत आणू लागली आणि १६६४ च्या आसपास लंडनमध्ये वेताच्या खुर्च्या सुरू झाल्या. त्या काही वर्षांत इतक्या खपल्या की लोकरीचं कापड विणणाऱ्यांच्या पोटावर पाय आला, कारण त्याआधी खुर्च्यांवर लोकरीचं कापड चढत असे. त्यांनी बंदीची मागणी केली. खुर्चीवाल्यांनी उलट अर्ज केला: वेत टिकतो, हलका असतो, आणि कापडाच्या खुर्च्यांसारखी त्यात धूळ, किडे, कसर साठत नाही. आमच्या आजीनं हेच सांगितलं असतं, अर्ज न करता.

बघायचं काय? १६६० आणि ७० च्या दशकांतली वीण मोठ्या भोकांची, पट्ट्या रुंद. पुढे पुढे ती बारीक होत गेली आणि शतकाच्या शेवटी चाळणीसारखी झाली. आता साडेतीनशे वर्षं मूळ वेत टिकणं जवळजवळ अशक्य, तो बदललेलाच असणार, आणि त्यात काही गैर नाही. म्हणून वेत बघू नका, वेतासाठी पाडलेली भोकं बघा. चौकटीच्या खालच्या अंगाला भोकांची रांग असते. दोन भोकांतलं अंतर जास्त असेल तर मूळ वीण मोठी होती. भोकंच नसतील, आणि चौकटीत सलग चर काढून त्यात तयार विणलेला वेताचा तुकडा पट्टी ठोकून बसवलेला असेल, तर ते काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या आधीचं असणं कठीण.

माझ्या खुर्चीला चर आहे. व्यवस्थित, सरळ, सुंदर चर.

पायरी ५: आता मुकुट

दोन पोरं, मध्ये मुकुट. त्या काळच्या हिशेबांत या नक्षीचं नाव सरळ ‘मुलं आणि मुकुट’ असंच आढळतं. राजा परत आला याचा हा लाकडातला जयजयकार. मुकुट दिसला म्हणजे खुर्ची राजवाड्यातली, असा समज करून घेऊ नका. दारावर गणपती कोरला म्हणून घर देवळातलं होत नाही. राजनिष्ठा मिरवायची फॅशन होती, आणि ती व्यापाऱ्यांच्या घरांतही होती. जोडीला पानंफुलं, द्राक्षं, आणि कधी ओकची पानं. १६५१ मध्ये वुस्टरच्या लढाईत हरल्यावर चार्ल्स बॉस्कोबेल इथे एका ओकच्या झाडात दिवसभर लपून राहिला होता. ते झाड पुढे निष्ठेची खूण झालं.

नक्षीत मी तीन गोष्टी बघते. वरच्या पट्टीची आणि पुढच्या पायांमधल्या पट्टीची नक्षी एकमेकींशी बोलते का? या खुर्च्यांत बहुधा तीच कल्पना दोन्हीकडे असते. माथ्याची पट्टी दोन उभ्या खांबांच्या मध्ये बसवली आहे की त्यांच्या डोक्यावर ठेवली आहे? मध्ये असेल तर आधीची रीत, वर असेल तर साधारण १६८५ च्या पुढची. आणि पाठीमागून काय दिसतं? खुर्च्या भिंतीला लावून ठेवायच्या, त्यामुळे जुन्या कारागिरानं मागची बाजू गुळगुळीत करण्यात वेळ घालवलेला नसतो. पटाशीचे घाव तसेच असतात.

मुलांचे चेहरेही बघाच. जुन्या कामात ती बहुतेक वेळा कुरूप असतात. घाईत कोरलेली, नाक फेंदारलेली, पोटं सुटलेली. एका कोरणाऱ्याच्या हाताखालून महिन्याला किती जोड्या जात असतील. माझ्या खुर्चीवरची पोरं नाताळच्या कार्डावरून उतरल्यासारखी गोंडस आहेत.

ग्रिनलिंग गिबन्स हे नाव विक्रेत्यांच्या तोंडी फार. १६७१ च्या जानेवारीत एव्हलिनना तो डेप्टफर्डच्या एका पडक्या झोपडीवजा घरात इटालियन चित्रकार टिंटोरेटोचं क्रूसारोहणाचं चित्र लाकडात कोरताना सापडला, आणि त्यांनी त्याला राजापर्यंत नेलं. त्याचं काम मुख्यतः भिंतींवरची, चौकटींवरची फुलापानांची आरास, तीही ‘लाइम’च्या लाकडात. हे लाइम म्हणजे आपलं लिंबू नव्हे, लिंडनचं झाड. खुर्चीला त्याचं नाव लावून कुणी भाव वाढवत असेल तर चहा प्या आणि निघा.

पायरी ६: कपाटांकडे वळा

खुर्चीवर माझा जीव जडलाय म्हणून इतकं लिहिलं, पण या काळातली खरी क्रांती कपाटांत झाली. आधी सुतार चौकट करी, एका तुकड्याचं कुसू दुसऱ्याच्या भोकात घालून वर लाकडी खिळी ठोकी, आणि ती चौकट उघडी दिसे. आता फ्रेंच-डच वळणाचा नवा कारागीर आला: कॅबिनेटमेकर. तो साधा पाइन किंवा ओकचा सांगाडा करी आणि त्यावर अक्रोडाचं व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवी. सप्टेंबर १६६६ च्या आगीत चार दिवसांत लंडनमधली १३,२०० घरं आणि ८७ चर्चेस जळाली. पुन्हा उभ्या राहिलेल्या शहराला नव्या सामानाची भूक होती, आणि या कारागिरांना काम मिळत गेलं.

व्हिनिअरचे दोन खेळ ओळखायला शिका. एक ‘ऑयस्टर’. लॅबर्नम, ऑलिव्ह किंवा अक्रोडाच्या बारीक फांद्या तिरक्या कापून चकत्या केल्या की आत वर्तुळं दिसतात, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी. काकडीच्या चकत्या कोशिंबिरीच्या ताटाभोवती लावाव्यात तशा त्या शेजारी शेजारी बसवायच्या. दुसरा खेळ मार्केट्री: रंगीत लाकडांचे तुकडे कापून केलेली फुलं, पक्षी, फुलदाण्या. त्यात पांढरी फुलं हाडाची किंवा हस्तिदंताची, आणि पानांना हिरवा रंग. डच चित्रकारांच्या फुलांच्या चित्रांशी त्यांचं नातं लगेच जाणवतं.

हस्तिदंताबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. ब्रिटनमध्ये २०१८ च्या कायद्यानं हस्तिदंत असलेल्या वस्तूंची खरेदी-विक्री जवळपास बंद झाली आहे. १९४७ च्या आधीच्या आणि १० टक्क्यांहून कमी हस्तिदंत असलेल्या वस्तूंना सूट आहे, पण नोंदणी करून. भारतात आणायचा विचार असेल तर तो आधीच सोडा.

मग येतं घडवंचीवरचं कपाट, श्रीमंत घराची मिरवायची वस्तू. दोन दारं, आत छोटे छोटे खण, खाली कोरीव घडवंची. इथे आपला धागा जुळतो. चार्ल्सनं १६६२ मध्ये पोर्तुगालच्या कॅथरिन ऑफ ब्रगांझाशी लग्न केलं आणि मुंबई आंदण मिळाली, हे शाळेत सगळ्यांनी घोकलंय. (१६६८ मध्ये ती त्यानं वर्षाला १० पौंडांवर कंपनीला देऊन टाकली.) त्याच नवरीच्या सामानाबद्दल एव्हलिन जून १६६२ मध्ये लिहितात, की राणीनं इथे कधी न पाहिलेली ‘इंडियन’ कपाटं आणि लाखेच्या मोठ्या पेट्या आणल्या आहेत. तेव्हाच्या इंग्रजीत ‘इंडियन’ म्हणजे पूर्वेकडचं काहीही, चिनी-जपानीसुद्धा. पण गोव्याच्या बाजूला पोर्तुगीजांसाठी सागवानात शिसवी जडवून केलेली कपाटं त्या काळी होतीच. त्यांचे पाय मत्स्यकन्या किंवा नागकन्यांच्या आकाराचे असतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अशी कपाटं बघायला मिळतात.

कोरोमंडल किनाऱ्यावर तेव्हा एबनीच्या (काळ्या आबनुसाच्या) पीळदार, कोरीव खुर्च्या होत आणि त्यातल्या काही इंग्लंडात पोचल्या. अठराव्या शतकात होरेस वॉल्पोलसारखा जाणकार त्यांना ट्यूडर काळातल्या, म्हणजे शंभरेक वर्षं आधीच्या, इंग्लिश खुर्च्या समजला आणि कौतुकानं गोळा करत बसला. हे वाचल्यापासून मला माझ्या खुर्चीची कमी लाज वाटते.

अस्सल लाख महाग, म्हणून इंग्लंडमध्ये तिची नक्कल सुरू झाली. काळ्या किंवा लाल वार्निशावर सोनेरी पक्षी, पूल, मंडप. १६८८ मध्ये स्टॉकर आणि पार्कर यांनी तर ही ‘जपानिंग’ घरच्या घरी कशी करायची याचं पुस्तकच काढलं. देखावा जितका विचित्र, माणसांहून फुलं मोठी, तितकं काम इंग्लिश असण्याची शक्यता जास्त.

घड्याळांबद्दल थोडक्यात: डच शास्त्रज्ञ हायगेन्सनं १६५६ मध्ये घड्याळाला लंबक लावला, १६५८ मध्ये फ्रोमंटील घराण्यानं लंडनमध्ये लंबकाच्या घड्याळांची जाहिरात दिली, आणि उंच पेटीतलं घड्याळ हे या काळाचं नवं अपत्य ठरलं. सुरुवातीच्या पेट्या सडपातळ आणि काळ्या. यंत्र एकाचं आणि पेटी दुसऱ्याची, हे वर सांगितलेलं लग्न इथे सर्रास.

पायरी ७: खण बाहेर काढा

विचारून काढा, आणि टॉर्च जवळ असू द्या. खणाच्या बाजूच्या फळीत मधोमध लांब खाच असेल, आणि ती कपाटाच्या आतल्या पट्टीवर सरकत असेल, तर ही जुनी रीत. पुढे खण तळावर सरकू लागले. खणाच्या कोपऱ्यात कबुतराच्या शेपटीच्या आकाराचे सांधे दिसतील. या काळातले मोजकेच, मोठे आणि असमान. बारीक, एकसारखे, कंगव्याच्या दातांसारखे असतील तर यंत्र. तळाच्या फळीच्या रेषा पुढून मागे धावतात का? सतराव्या शतकात तशाच असत, अठराव्यात त्या आडव्या झाल्या.

व्हिनिअरची जाडी एखाद्या उडालेल्या कडेला दिसते. हातकरवतीनं कापलेलं दोन मिलिमीटरच्या आसपास भरतं, यंत्राचं कागदासारखं पातळ. कच्च्या फळ्यांवर करवतीचे ओरखडे सरळ असतील तर हातकरवत, कमानीसारखे वाकडे असतील तर गोल करवत, म्हणजे एकोणिसावं शतक किंवा पुढचं. मुठी पितळेच्या, अश्रूच्या थेंबासारख्या लोंबत्या, आणि आतून वाकवलेल्या तारेनं अडकवलेल्या. खणाच्या आतून भोकं मोजा: तीन वेगवेगळ्या मुठींची भोकं दिसली तर मुठी दोनदा बदलल्यात. चेंडूसारखे बसके पाय मात्र जवळजवळ नेहमीच नवे असतात. ओल्या फरशीवर मूळचे कुजून जातात, त्यावरून भांडू नका.

पायरी ८: कुठे आणि कसं बघायचं

लंडनमध्ये एकच दिवस असेल तर रिचमंडजवळ थेम्सकाठी हॅम हाऊसला जा. लॉडरडेलच्या ड्यूक आणि डचेसनं १६७० च्या दशकात हे घर सजवलं, आणि त्यातलं बरंच सामान अजून तिथेच आहे. १६७९ च्या यादीत राणीच्या खासगी दालनातल्या दोन ‘झोपायच्या खुर्च्या’ नोंदल्या आहेत: पाठ मागे पाडता येणाऱ्या, सोनेरी मुलाम्याच्या, किरमिजी आणि सोनेरी कापडाच्या. त्या आजही बघता येतात. आपली आरामखुर्ची आठवते की नाही? या काळात लाकडापेक्षा कापड महाग होतं, पलंगांच्या पडद्यांवर तर घरं विकली जावीत इतका खर्च होई, हे त्या दालनात उभं राहिलं की पटतं. खुर्च्यांवर काटेरी सुकी बोंडं ठेवलेली दिसली तर हसू नका, कुणी बसू नये म्हणून ती युक्ती आहे.

केंटमधलं नोल हे दुसरं ठिकाण. सहावा अर्ल ऑफ डॉर्सेट राजाचा लॉर्ड चेंबरलेन, म्हणजे राजवाड्याचा कारभारी, होता, आणि राजवाड्यातलं टाकाऊ ठरलेलं सामान घरी नेण्याचा हक्क त्याला पदामुळे होता. त्या टाकाऊ मालामुळे स्टुअर्ट राजांच्या (चार्ल्सचं घराणं हेच) खुर्च्या आणि पलंग आज टिकून आहेत. केंब्रिजला गेलात तर मॉडलिन कॉलेजात त्या काळचा दुसरा प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युएल पेप्स याची पुस्तकांची कपाटं बघा. सिम्प्सन नावाच्या सुतारानं १६६६ मध्ये ती करायला घेतली. काचेच्या दारांची, ओकची, एकूण बारा, आणि आत तीन हजार पुस्तकं. ओक होतं हे पुन्हा वाचा, आणि ओक म्हणजे नकली नव्हे, हे दुसऱ्या पायरीवर लिहिलंय तेही.

बघायला जाताना टॉर्च, कॅलिपर आणि गुडघ्यावर बसता येईल असे कपडे. संग्रहालयात अर्थात हात लावायचा नाही, पण वाकून बघायला कुणाची हरकत नसते. हॅममध्ये मी एकदा खुर्चीच्या खाली डोकावायला जवळजवळ जमिनीवर आडवी झाले, तर तिथले स्वयंसेवक काका आले. रागावतील असं वाटलं. त्यांनी खिशातून स्वतःचा टॉर्च काढला आणि म्हणाले, “डावीकडच्या मागच्या पायाकडे बघा, तो बदललेला आहे.”

माझी खुर्ची आता खिडकीपाशी असते. ती मजबूत आहे, वेत चांगला आहे, आणि सकाळी पेपर वाचायला तिच्यासारखी जागा घरात दुसरी नाही.